तोंड येण्याआधी लेझर द्या : कर्करोग रुग्णालयांच्या प्रमुखांना खुले पत्र

कर्करोग रुग्णालयांचे प्रमुख, किरणोपचार विभागांतील सर्व डॉक्टर आणि उपचारांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाला जिभेचा कर्करोग झाला. आधी शस्त्रक्रिया, मग रेडिएशन आणि सोबत केमो असे त्याचे उपचार झाले. आज गाठ नाही. त्याबद्दल आम्ही घरचे सगळे त्याच्या डॉक्टरांचे मनापासून ऋणी आहोत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना हा माणूस डॉक्टरांवर राग काढायला बसलाय, असं कुणाला वाटू नये.

उपचार संपल्यावर मी त्या रुग्णालयाला लेखी विनंती केली होती. रेडिएशनमुळे तोंडात होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी कमी शक्तीचा लेझर वापरतात, तो निदान पुढच्या रुग्णांना तरी मिळावा, एवढंच तिच्यात होतं. सोबत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या प्रती जोडल्या होत्या. उत्तर आलं, की हा उपचार आमच्या प्रमाण कार्यपद्धतीत नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही. का नाही, कधी असेल, कुणी विचार केला, काही नाही. त्या रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. दादासोबत रांगेत बसणारे इतर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्याशी बोलल्यावर, आणि नंतर दुसरीकडे उपचार घेतलेल्यांना विचारल्यावर कळलं, की या लेझरबद्दल कुणीच काही ऐकलेलं नव्हतं. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, आणि उघड.

रेडिएशनमध्ये तोंड येतं, हे आपण रुग्णाला आधी सांगता. सांगण्याची पद्धतही ठरलेली असते : थोडं तोंड येईल, गुळण्या करा, तिखट टाळा. आपल्याला पुढचा क्रम माहीत असतो. रोज साधारण २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक), आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. दुसऱ्या आठवड्यात तोंड लाल होतं, तिसऱ्यात जखमा दिसू लागतात, आणि उपचार संपल्यावरही त्या लगेच भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर या त्रासाच्या शून्य ते चार पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर फक्त पातळ पदार्थ गिळता येतात, चौथीवर तोंडावाटे काहीच जात नाही.

कागदावर ‘ग्रेड तीन’ लिहिलेलं असतं तेव्हा घरात काय चाललेलं असतं, ते सांगतो. दादाच्या जिभेच्या कडेला आणि गालाच्या आतून पांढरट पापुद्रा धरला होता. तो सुटला की खाली लालभडक, कच्चं मांस. लाळ इतकी चिकट की तुटता तुटायची नाही आणि गिळवायची तर नाहीच, म्हणून हातात सतत टॉवेल. पाण्याचा एक घोट घ्यायचा तर तो खुर्चीचा हात घट्ट धरायचा, डोळे मिटायचा, आणि घोट खाली उतरेपर्यंत आम्हीही त्याच्याकडे बघायचं टाळायचो. बोलणं बंद झालं होतं. वही जवळ ठेवली होती. तिच्यात एका दुपारी त्याने लिहिलं, ‘आता नको. बंद करा म्हणावं.’ कर्करोगाला तो घाबरला नव्हता. तोंडाने मात्र त्याचा धीर सुटला.

मग नाकातून नळी आली, मॉर्फिन आलं, आणि रेडिएशनला खंड पडला. ही मधली सुट्टी किती महाग पडते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचार लांबला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि वाया गेलेल्या प्रत्येक दिवसागणिक गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने किंवा त्याहूनही थोडी जास्तच घटते. म्हणजे तोंडाच्या जखमा हा फक्त सोसण्याचा प्रश्न उरत नाही. मूळ उपचार नीट पार पडणं त्यावर अवलंबून आहे.

आता लेझरबद्दल, कारण हे पत्र सामान्य वाचकही वाचणार आहेत. हा कापणारा, जाळणारा लेझर नव्हे. याची शक्ती साधारण ५०० मिलिवॅटच्या आत असते आणि तो लावलेला फारसा जाणवतही नाही. पहिला लेझर १९६० मध्ये थिओडोर मायमन यांनी बनवला. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेश्टेर हे डॉक्टर लेझरमुळे कर्करोग होतो का, हे उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही, पण पाठीवरचे भादरलेले केस लेझर दिलेल्या उंदरांना लवकर उगवले. पुढे त्यांनी हाच प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला. लाल आणि त्यालगतचा अवरक्त प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकराकडून शोषला जातो, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाह उतरतो, असं त्यामागचं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. अंतराळात रोपं वाढवण्यासाठी नासाने विकसित करवून घेतलेले लाल एलईडी दिवेसुद्धा पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण होणाऱ्या मुलांच्या तोंडातल्या जखमांसाठी वापरून पाहिले गेले.

तोंडात तो द्यायचा कसा? पेन्सिलीएवढा प्रोब गालाच्या आत, ओठांच्या आतून, जिभेच्या कडांना आणि खाली, टाळूच्या मऊ भागावर एकेका ठिकाणी काही सेकंद धरायचा. गालाला आतून प्रोब टेकवला की बाहेरून गालावर लाल ठिपका उजळलेला दिसतो. सगळं तोंड पूर्ण व्हायला साधारण दहा ते तीस मिनिटं लागतात. कर्करोगाची गाठ जिथे आहे ती जागा वगळायची. इतकं साधं आहे हे.

आणि पुरावा? कर्करोगातील पूरक उपचारांवर काम करणाऱ्या मॅस्क या आंतरराष्ट्रीय संघटनेने आणि मुखाच्या कर्करोगातील तज्ज्ञांच्या संघटनेने मिळून २०१४ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी लेझरची शिफारस केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित सूचनांत ही शिफारस डोके-मानेच्या रेडिएशनसाठी आणि रेडिएशनसोबत केमो घेणाऱ्यांसाठीही आली. ब्रिटनमध्ये उपचारांची पारख करणाऱ्या नाइस या संस्थेने मे २०१८ मध्ये सांगितलं, की सुरक्षिततेबाबत मोठी शंका नाही, परिणामकारकतेचा पुरावा पुरेसा आहे, आणि हा उपचार नेहमीच्या व्यवस्थेत वापरता येईल. ब्राझीलमध्ये रेडिएशन आणि केमो एकत्र घेणाऱ्या ९४ रुग्णांवर चाचणी झाली. त्यात तीव्र जखमांचं प्रमाण लेझर दिलेल्यांत ६.४ टक्के आणि न दिलेल्यांत ४०.५ टक्के होतं. कर्नाटकात २२१ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही तीव्र जखमा, वेदना आणि मॉर्फिनसारख्या औषधांची गरज कमी झाली. ती चाचणी करण्यात फिजिओथेरपिस्ट पुढे होते, हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण माझी पहिली तक्रार तिथूनच सुरू होते.

दादाला जिथे रेडिएशन चालू होतं, त्याच रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात लेझरचं यंत्र होतं. मान, गुडघा, टाच दुखणाऱ्यांना त्याच्या सिटिंग्ज मिळत होत्या. त्यांना मिळू नयेत असं माझं म्हणणं नाही, दुखणं कुणाचंच छोटं नसतं. त्या यंत्राचा प्रोब तोंडात वापरण्याजोगा होता का, त्याची तरंगलांबी योग्य होती का, हे तांत्रिक प्रश्न आहेत. पण ते प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. एका छपराखाली दोन विभाग, आणि एकाच्या हातातलं साधन दुसऱ्याच्या रुग्णाला उपयोगी पडेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. ज्या कामासाठी या लेझरचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, नेमक्या त्याच रुग्णापर्यंत तो पोचत नाही. मला सर्वांत जास्त बोचतं ते हे.

दुसरी तक्रार न सांगण्याची. उपचार सुरू होण्याआधी आमच्याकडून पानंच्या पानं संमतिपत्रावर सह्या घेतल्या. त्यात तोंड येणार हे होतं, नळी घालावी लागेल हेही होतं. त्रास टाळण्याचा एक मान्यताप्राप्त उपाय जगात आहे, पण आमच्याकडे नाही, हवा तर अमुक ठिकाणी मिळेल, एवढं एक वाक्य नव्हतं. उपाय आपल्याकडे नसणं मी समजू शकतो. तो आहे हे रुग्णाला कळूच न देणं मला मान्य नाही.

तिसरी तक्रार वेळेची आहे, आणि ती काही ठिकाणी लेझर असूनही उरते. जखमा झाल्या, रुग्ण विव्हळू लागला, की मग यंत्राची आठवण होते. मुळात शिफारस प्रतिबंधासाठी आहे. रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून, तोंड निरोगी दिसत असताना तो सुरू व्हायला हवा. दात तपासून घ्या, हे आपण रेडिएशनआधी न चुकता सांगता. त्याच चिठ्ठीत ही एक ओळ सहज मावेल.

चौथी तक्रार मात्र जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे कर्करोगाबाहेरचे रुग्णही येतात. दुखण्यासाठी लेझर घेणाऱ्या कुणाचाही केसपेपर काढून बघा. ‘लेझर दिला’ एवढंच लिहिलेलं सापडेल. ताप आलेल्याच्या कागदावर ‘गोळी दिली’ लिहावं आणि कोणती, किती, हे लिहूच नये, तसं हे आहे. प्रकाशालाही मात्रा असते. १०० मिलिवॅटचा प्रोब २० सेकंद धरला तर २ ज्यूल ऊर्जा मिळते. तीच ऊर्जा एक चौरस सेंटिमीटरवर पसरली तर मात्रा दर चौरस सेंटिमीटरला २ ज्यूल, पाव चौरस सेंटिमीटरवर एकवटली तर ८. या उपचारात कमी मात्रेने काही होत नाही आणि जास्त मात्रेने परिणाम उलटही होऊ शकतो. गुडघ्याच्या झिजेवरच्या २२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शिफारस केलेल्या मात्रेत दिलेल्या लेझरने वेदना कमी झाल्या, त्याहून कमी मात्रेच्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. मानदुखीबाबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्यांचा आढावा आला होता. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचं त्यात दिसलं. उलट मनगटातली नस दबण्याच्या विकारात वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्याला ठोस फायदा आढळला नाही. म्हणजे कुठे उपयोग आहे, कुठे नाही, आणि जिथे आहे तिथेही योग्य मात्रेतच. मग मात्रा लिहिलीच नाही, तर रुग्णाला गुण का आला किंवा का आला नाही, हे आपण कशावरून ठरवणार? रेडिएशनचा प्रत्येक ग्रे आपण दशांशापर्यंत मोजता. तेच हात या प्रकाशाकडे आल्यावर इतके सैल का पडतात?

त्यातच यंत्राची शक्ती वापराने उतरते. पडद्यावर दिसणारा आकडा आणि प्रोबच्या टोकातून बाहेर पडणारा प्रकाश यांत फरक पडू शकतो. तो पॉवर मीटरने वेळोवेळी मोजावा लागतो. अवरक्त प्रकाश तर डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही आणि नेत्रपटलाला इजा होऊ शकते. त्या तरंगलांबीचा योग्य गॉगल रुग्ण आणि यंत्र चालवणारा, दोघांनाही लागतो. सिटिंग चालू असताना गॉगल टेबलावर पडलेला मी पाहिला आहे.

पाचवी तक्रार आपल्या मौनाची. आपण बोलत नाही, म्हणून बाजार बोलतो. लाल दिव्यांचे पट्टे, टोप्या, चटया आणि हातात धरायची यंत्रं केसांपासून मणक्यापर्यंत सगळ्यावर चालतात म्हणून विकली जातात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएकडून मिळालेली विक्रीची परवानगी जाहिरातीत ठळक छापतात. अशा बहुतेक परवानग्यांचा अर्थ इतकाच असतो, की हे यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या यंत्रासारखं आहे. अमुक आजार बरा होतो हे सिद्ध झालं, असा तो अर्थ नव्हे. कर्करोगाचा रुग्ण हतबल होऊन असं एखादं यंत्र घरी आणतो आणि थेट गाठीवर धरतो, तेव्हा त्याला अडवणारं कुणी नसतं. योग्य लेझर योग्य हातांत मिळाला असता, तर तो त्या वाटेला गेलाच नसता.

आपल्यापैकी काहींची शंका मला माहीत आहे, आणि ती गंभीर आहे. पेशींना चालना देणारा प्रकाश कर्करोगाच्या पेशींनाही चालना देईल का? प्रयोगशाळेत काही मात्रांना काही पेशी वाढल्याचं दिसलं आहे. २०२० च्या सूचनांनीही या रुग्णांना त्याची कल्पना द्यावी, असं म्हटलं आहे. पण ब्राझीलच्या त्या चाचणीतल्या रुग्णांचा पुढे तीन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला, आणि लेझर घेतलेल्यांत आजार बळावल्याचं आढळलं नाही. तेव्हा शंका रुग्णासमोर मांडा, फायदा मांडा, आणि त्याला ठरवू द्या. केमोचे कितीतरी भयंकर धोके आपण असेच समजावून सांगता आणि आम्ही विश्वासाने सही करतो.

दुसरी अडचण माणसांची सांगितली जाते. रोज इतके रुग्ण, प्रत्येकाला वीस मिनिटं कोण देणार? प्रश्न रास्त आहे, वॉर्डातल्या सिस्टरांची धावपळ मी रोज बघत होतो. पण नळी घालणं, ती अडकली की सोडवणं, सलाइन, मॉर्फिन, जंतुसंसर्गासाठी दाखल करून घेणं, खंडानंतर रेडिएशनचं वेळापत्रक पुन्हा बसवणं, याला लागणारे तास कुणाच्या हिशेबात धरलेत? ते तास त्याच सिस्टरांचे असतात. फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, प्रशिक्षित परिचारिका, यांपैकी कुणीही हे काम शिकू शकतं.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

डोके-मानेच्या भागावर रेडिएशन घेणाऱ्या, तसंच अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी तीव्र केमो घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला लेझरची माहिती लेखी द्या, त्याच्या भाषेत, उपचार सुरू होण्यापूर्वी. आपल्याकडे सोय नसेल तर ती कुठे आहे तेही त्यात लिहा.

प्रतिबंधक लेझर आपल्या प्रमाण कार्यपद्धतीत घ्या आणि तो रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून द्या. घेणार नसाल तर वैद्यकीय कारण जाहीर करा. ‘कार्यपद्धतीत नाही’ हे कारण होत नाही, कारण ती कार्यपद्धती आपणच लिहिता.

किरणोपचार, दंत आणि फिजिओथेरपी विभागांनी एकत्र बसून यंत्र, प्रोब आणि प्रशिक्षण यांची जबाबदारी नावानिशी ठरवावी.

प्रत्येक सिटिंगची नोंद ठेवा : तरंगलांबी, शक्ती, किती क्षेत्रावर, किती सेकंद, एकूण किती ज्यूल. कागदाची प्रत रुग्णाला द्या. हीच अट दुखण्यासाठी लेझर देणाऱ्या सर्व विभागांना लावा. यंत्रांची शक्ती ठरावीक काळाने मोजा, आणि गॉगलशिवाय यंत्र चालू होणार नाही असा नियम करा.

आपल्या वॉर्डात तिसऱ्या आणि चौथ्या पायरीपर्यंत किती रुग्ण पोचले, किती जणांच्या रेडिएशनला तोंडामुळे खंड पडला, हे दरवर्षी प्रसिद्ध करा. लेझर सुरू करण्याआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी ठेवा. फरक पडला नाही तर मी माझी मागणी मागे घेईन, तीही अशीच उघडपणे.

पहिल्या विनंतीला मला दोन ओळींचं उत्तर मिळालं होतं. या पत्राचं उत्तर कारणांसह मिळावं आणि तेही जाहीर असावं. दादाच्या जागी आज दुसरं कुणीतरी पहिल्या आठवड्यात आहे, आणि त्याच्या तोंडात अजून जखम झालेली नाही.

आपला,
एका रुग्णाचा धाकटा भाऊ